घटातला गहू

"कोठीचं कुलूप फोडलेलं नाही, सिलिंडर जागेवरच आहे. फक्त आतला गॅस गेलाय," हेमलता म्हणाली.

जळगावात मेहरूणच्या तळ्याकडे खिडकी असलेल्या त्या कचेरीत पंखा होता, पण तो फिरण्यापेक्षा कुरकुरतच जास्त. कचेरी मोहिनी बऱ्हाटेची. ती खाजगी तपासनीस. अशील बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही ही तिची शिस्त. ही शिस्त बादलला लागू नव्हती. तो तिचा कॉलेजपासूनचा मित्र. गाडी उत्तम चालवायचा आणि अंदाज हमखास चुकवायचा.

"कसला गॅस?" त्याने विचारलं.

"मिथाइल ब्रोमाइड. मालाला धुरी द्यायचा. वडिलांची कंपनी आता मी चालवते." हेमलता घोटभर पाणी प्यायली. "हा गॅस ओझोनचा थर खातो, म्हणून त्याच्यावर बंधनं आहेत. फक्त परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाला वापरायचा, तोही परवाना असलेल्यानेच. बाकी गोदामवाले कीड मारायच्या गोळ्या टाकतात. त्यात गोदाम आठवडाभर बंद ठेवावं लागतं. आमचा गॅस एका दिवसात काम उरकतो. आमच्याकडचा बिनवासाचा, शेजारी सोडला तरी माणसाला पत्ता लागत नाही."

"मग घाई कसली?"

"उद्या तपासणी आहे. सिलिंडरचं वजन कमी भरलं तर परवाना गेलाच. निदान चोराचं नाव तरी द्यावं लागेल. मी रोहिदासभाऊंचं देणार आहे."

रोहिदासभाऊ तिच्या वडिलांच्या वेळचे. धुरीचं सगळं काम तेच पाहायचे. कोठीच्या किल्ल्या तिघांकडे: ती स्वतः, रोहिदासभाऊ आणि कुंदन.

"कुंदन कोण?" मोहिनीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"माझा धाकटा भाऊ. शिंदखेड्याला आईजवळ राहतो, गव्हाचा व्यापार करतो. त्याचा प्रश्नच नाही. उलट त्यानेच मला सांगितलं, की रोहिदासभाऊंना सावद्याला उखर्डू या केळीवाल्याच्या मळ्यात पाहिलं. उखर्डू कधीपासून हा गॅस मागत होता. काल मी सगळ्यांदेखत त्यांची किल्ली काढून घेतली."

"मग नाव द्यायचंच आहे तर माझ्याकडे कशाला आलात?"

हेमलता खिडकीबाहेर पाहत राहिली. "रात्री डोळा लागला नाही म्हणून," ती म्हणाली.

रोहिदास घरीच होते. त्यांनी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, स्वतः उभेच राहिले.

"मळ्यात गेलो होतो. उखर्डू फोनवर ऐकेना, म्हणून तोंडावर नाही म्हणून आलो."

"हे हेमलताताईंना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच कुठे? हात पुढे केला आणि किल्ली मागितली."

बाहेर येताच बादल म्हणाला, "गुन्हेगार असेच शांत असतात."

"तू पण शांतच असतोस, गाडीत झोपलेला असताना," मोहिनी म्हणाली.

सावद्याला उखर्डू केळीच्या नव्या लागवडीसाठी राखलेल्या तुकड्यात उभा होता. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "मले पाहिजे व्हता गॅस, खोटं कशाले बोलू? जमिनीतल्या किडी केळीच्या मुळ्या खाऊन राह्यल्या. रोहिदासभाऊ आला, मले झापलं आन् गेला."

मोहिनी त्या तुकड्यात शिरली. गवत गुडघ्याला लागत होतं.

"हा गॅस मातीत सोडला की किडीबरोबर तणाचं बीसुद्धा मरतं," ती बादलला म्हणाली. "इथे बघ काय माजलंय."

"म्हणजे उखर्डू आळशी."

"म्हणजे उखर्डू खरं बोलतोय."

शिंदखेड्याला जाताना हेमलता सोबत होती. कुंदनला भेटायची गरज काय, असं तिने वाटेत दोनदा तरी विचारलं.

नवरात्राची सातवी माळ होती. देवघरात नानीबाई, म्हणजे हेमलताची आई, घटासमोर बसल्या होत्या. चेहरा सुकलेला.

"काय झालं, मावशी?" मोहिनीने विचारलं.

"गहू रुसना, पोरी. ज्वारी उगनी, बाजरी उगनी, गहूना एक कोंभ नही. देवी आमनावर रागे भरनी शे."

मोहिनी वाकली. एकाच मातीत ज्वारी-बाजरीचे पिवळसर कोंभ वीतभर झाले होते. मधे गव्हाची जागा तेवढी काळी.

"गहू कुठला?"

"आपलाच, गोदाममाधला. कीड लागनी, कुंदननी दवा टाकी, दोन दिवसमा ट्रक भरी ग्या. त्यामाधला मूठभर मी काढी लिधा." त्यांनी कपाळ दाबलं. "तव्हयपासून डोकं दुखस."

"गोदाम कुठे आहे?"

नानीबाईंनी आपल्या खाटेमागच्या भिंतीकडे हात केला; गोदाम तिच्या पलीकडेच होतं.

तेवढ्यात कुंदन आला. हसतमुख, अदबीचा. त्याने चहा सांगितला.

"गोदामात कीड झाली होती?" मोहिनीने सहज विचारलं.

"थोडी. गोळ्या टाकल्या."

"घटातला गहू उगवला नाही. गोळ्यांमुळे तर नाही ना?"

"छे! पेरायच्या बियाण्यातसुद्धा लोक त्याच गोळ्या टाकतात. आणि गहू यंदाचा, बियाण्याच्या तोडीचा."

"बरोबर," मोहिनी म्हणाली. "मग बसा, कुंदनभाऊ. ताई, तुम्हीही बसा."

चहा आला, पण कुणी कप उचलला नाही.

"माती तीच, पाणी तेच. ज्वारी उगवली, बाजरी उगवली. गहू नवा, चांगला. आणि गोळ्यांनी बी मरत नाही, हे यांनीच सांगितलं. मग गव्हाला दुसरंच काहीतरी लागलं. बी मारणारा गॅस कोणता, ते मी सकाळी सावद्याच्या गवतात उभी राहून बादलला सांगितलं होतं: मिथाइल ब्रोमाइड."

बादलने मान डोलावली. आता त्यालाही उमगलं होतं.

"दुसरं, गोळ्या टाकल्या तर गोदाम आठवडाभर बंद हवं. इथे दोन दिवसांत ट्रक भरून गेला. एवढ्या घाईत कीड मारणारा गॅस जळगावात तुमच्या कोठीतच होता, ताई. कुलूप शाबूत, म्हणजे किल्लीने उघडलेलं. आणि रोहिदासभाऊंकडे बोट दाखवणारा माणूसही किल्लीवालाच."

हेमलताने भावाकडे पाहिलं. तो नाही म्हणेल, याची ती अजून वाट पाहत होती.

"गहू घ्यायला आलेला व्यापारी कीड बघून परत चालला होता, ताई," कुंदन म्हणाला. "थोडाच वापरला. रोहिदासला काय, कुठेही काम मिळेल. घरचं घरात राहू दे."

"आई त्या भिंतीला उशी लावून झोपते, कुंदन."

परक्याने लुबाडलं असतं तर हेमलता भांडली असती. याला तिने लहानपणी बोट धरून शाळेत नेलं होतं.

नानीबाईंनी घटावरची नजर काढली. "चार दिस मी देवीनी माफी मांगी. तू आठेच, घटसमोर, बठेल व्हता. एक सबद बोलना नही."

मोहिनी उठली. "बादल, गाडी काढ. मावशींना आधी धुळ्याला डॉक्टरकडे न्यायचं."

अंगणात येऊन हेमलताने फोन लावला.

"रोहिदासभाऊ, माझं चुकलं. उद्या तपासणीत मी कुंदनचं नाव देणार आहे. परवाना राहो, जावो. तुम्ही या, आणि तुमची किल्ली घेऊन जा."



"उद्या येतो, ताई. चोरी मी केली नाही, हे तुम्ही सगळ्यांदेखत सांगाल, ते ऐकायला येतो," रोहिदास म्हणाले. "किल्ली मात्र आता दुसऱ्या कुणाला द्या."