न वाढणारं नख

नखाची पांढरी कड दोन मिलिमीटर होती. नऊ वर्षांपूर्वीही तेवढीच होती.

हे रचलेलं नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. एका शनिवारी, भर दुपारी, तिच्याच घरातल्या मागच्या खोलीत. सांगताना ती आजही उजवा हात खिशात ठेवते.

तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, पस्तिसाव्या वर्षी जेवण करून जरा आडवी झाली ती उठलीच नाही. श्वास ठीक, नाडी ठीक. डॉक्टरांनी हात टेकले. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, दरवर्षी म्हणायचे, आता हिला शुश्रूषागृहात ठेवू. मावशी दरवर्षी म्हणायची, बघू.

मावशी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. तुलनेला दुसरा नमुना असल्याशिवाय ती कुठलंच मोजमाप घेत नसे. घरीही तीच शिस्त. दर शनिवारी ताईच्या बोटाला आपलं बोट चिकटवायची, दोन्ही नखं मोजायची, वहीत लिहायची.

ताईचं नख वाढत नव्हतं.

मावशीला मात्र आठवड्यातून दोनदा नखं कापावी लागत.

त्या शनिवारी नवी नर्स आली. ताईची कूस बदलता बदलता तिने सहज विचारलं, "आजी, ही लेक तुमचं शेंडेफळ वाटतं?"

मावशी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती.

चूक कळल्यावर नर्स ओशाळली. सारवासारव करत म्हणाली, गोष्टीतली राजकन्या नाही का, शंभर वर्षं झोपते आणि जशीच्या तशी तरुण उठते. मग निघताना हसली.

"पण ती शंभर वर्षं कुणाच्या अंगावर पडतात, ते गोष्टीत कुणी सांगत नाही बघा."

ती गेली. मावशीने वही उघडली.

नऊ वर्षांत एकदाच ताईचं नख वाढलं होतं... दीड मिलिमीटर. मावशी ऑपरेशनसाठी पंधरा दिवस दवाखान्यात होती तेव्हा. भाऊजींनी मोजून, लिहून, कापून टाकलं होतं.

म्हणजे मोजलं तेव्हाही होतंच. फक्त शेजारी मावशीचं बोट नव्हतं.

तिने ठरवलं, आज मोजायचं नाही.

खोलीत पंख्याची घरघर होती. आणि ताईचा श्वास...

मग नुसतीच पंख्याची घरघर.

मावशीने वहीतून मान वर केली. नर्सने पोटावर ठेवलेला ताईचा हात आता पलंगाच्या कडेला आला होता. चार बोटं मिटलेली. एक ताठ.

मावशी दर शनिवारी ज्याचं नख मोजायची... तेच.

मावशी उठली. मनगटाला गार काहीतरी लागलं... आणि पकड बसली. झोपलेल्या माणसाची नव्हे. ताईचे डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर लहानपणी खाऊ हिसकावून घेताना असायचा, तोच भाव. तिच्या बोटाने मावशीचं बोट शोधलं आणि नखाला नख लावलं.

मावशीने जोर लावला. हात सुटेना.

पलीकडच्या खोलीत भाऊजी पेपर वाचत होते.

"भाऊजी, शुश्रूषागृहाला फोन लावा," मावशी म्हणाली. "ताईला आजच घेऊन जा म्हणावं."