आण्णाप्पांच्या लेकीचे शेअर

वडगावच्या गल्लीत मागांचा खडखडाट एवढा, की फोनवर बोलायचं तर ओरडावंच लागतं. रचना स्कूटर भिंतीला लावून मैत्रिणीशी तशीच ओरडत होती.

“काकांनी नवा सेक्रेटरी नेमलाय म्हणं! असंल कुणीतरी मान डोलवणारा नंदीबैल—”

आणि नेमका करंट गेला. सगळे माग गप्प. ‘नंदीबैल’ गल्लीभर घुमला.

कंपनीच्या दारात छत्री मिटत एक तरुण उभा होता. त्यानं गंभीरपणे मान डोलावली.

“मीच तो. समाधान. निपाणीचा.”

रचनाची कानशिलं तापली… पण नजर काही तिनं खाली केली नाही.

“मी रचना. आण्णाप्पांची मुलगी. निम्मी कंपनी आमची हाय, तुमच्या शेअरच्या वहीत नसली तरी.”

भांडण तेच होतं. आण्णाप्पा आणि कल्लाप्पा या भावांनी मिळून साड्यांची ही कंपनी उभी केली, शेअर निम्मे-निम्मे. गेल्या वर्षी आण्णाप्पा बसल्या जागी गेले. आईनं आपला हक्क लेकीला सोडला, कोर्टानं वारसाचा दाखला दिला. तरी कल्लाप्पाकाका शेअर तिच्या नावावर करीनात.

“उद्या लगीन हून जाशील. आमचे माग काय परक्याच्या घरात घालू?”

“बारा वर्षांची असल्यापासून मागावर बसतीय, काका. परकी कशी?”

दर आठवड्याला ती नवा अर्ज घेऊन यायची. समाधान शिक्का मारून पोच द्यायचा.

“तुमी कुणाच्या बाजूचं?”

“पगार कंपनीचा खातोय. तुमच्या बाजूनं बोलता येत न्हाय.”

“मग एवढं बघता कशाला?”

“बघायला… कायद्यात मनाई न्हाय.”

एकदा ती चिंब भिजून आली, तर पोचपावतीबरोबर त्यानं आपला रुमाल पुढं सरकवला.

“ह्याची पोच देऊ?”

“नको. परत आणून द्या… म्हंजे पुन्हा यावं लागंल.”

मग काकांनी तिला न कळवताच बैठक बोलावली. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या यल्लव्वानं निरोप दिला, तशी रचना धावत जिना चढली. दार ढकललं, तेव्हा काका सांगत होते, “लिही. रचना हजर होती, शेअर आम्हास्नी विकायला राजी झाली.”

समाधाननं पेन खाली ठेवलं. “त्या आत्ता आल्यात, मालक. आणि राजी न्हाईत.”

“तू आमचा नोकर हाईस!”

“म्हणूनच खोटं लिहिणार न्हाय.”

टेबलावर किल्ल्या ठेवून तो निघाला. त्याच्यामागं पळावं असं रचनाला फार वाटलं. पण ती वडिलांच्या खुर्चीत बसली.

“नकार लेखी द्या, काका. मी बेंगळूरला कंपन्यांच्या न्यायाधिकरणात जाणार.”

ती गेलीही. समाधान साक्ष द्यायला तयार झाला, पण एक अट घालून. “निकालापर्यंत भेटायचं न्हाय, फोन न्हाय. आपलं काही हाय असं दिसलं, तर माझ्या शब्दाला किंमत ऱ्हाणार न्हाय.”

‘आपलं काही’… या दोन शब्दांवर रचनानं आठ महिने काढले. तारखेला तो समोरच्या बाकावर बसायचा आणि ती खिडकीबाहेर बघायची.

निकाल तिच्या बाजूनं लागला. कल्लाप्पाकाकांनी स्वतः शेअरची वही पुढं केली. तिची सही बराच वेळ बघत राहिले. “बापासारखीच करतीस,” एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निपाणीला पोचली. समाधाननं तिथं स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं होतं. तिला दारात बघून तो उठला, बसला, पुन्हा उठला.

“आता बोलायला हरकत न्हाय ना?” रचनानं विचारलं.

“न्हाय. पण… माझी आजी तंबाखूच्या वखारीत राबली, रचना. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय. तुझे काका शेअरसाठी एवढे अडले, मग ह्याला—”

तो पहिल्यांदाच ‘तुझे’ म्हणाला होता. तिनं ते ऐकलं. बाकीचंही ऐकलं.

“अडूदेत. त्यांच्याशी भांडायची मला सवय झालीय. तुझी आई घरात हाय?”

“हाय की. का?”

“चल मग.”

“काय विचारणार तिला?”

“विचारणार न्हाय, सांगणार हाय… तुमचा ल्योक मला आवडलाय म्हणून.”

समाधान कुलूप लावायला गेला. दोनदा भलतीच किल्ली घातली. शेवटी रचनानं किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली, कुलूप लावलं. धरलेला त्याचा हात मात्र… सोडला नाही.