तिसऱ्या घंटेआधीचं जेवण

नाट्यगृहासमोर दोन रेस्टॉरंटं होती आणि त्यांच्या मधोमध, फुटपाथवर, एक उंच माणूस केव्हाचा उभा होता. एकदा या काचेवरचं मेनूकार्ड वाचायचा, एकदा त्या काचेवरचं. एक बाई त्या नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळायची. इस्त्रीचे झगे दोन्ही हातांवर घेऊन तिथूनच चालली होती, आणि तो नेमका तिच्या वाटेत.

"जेवायचंय की परीक्षेला बसायचंय?" तिने झग्यांच्या ढिगाआडून विचारलं.

तो दचकून बाजूला झाला. "दोन मुली आहेत हो बरोबर, येतायत मागून. थोरलीने गेल्या आठवड्यात मांस सोडलं, धाकटीने बोलणं. आणि तिसऱ्या घंटेनंतर दारं बंद होतात म्हणे."

"होतात. मग मध्यंतरापर्यंत खुद्द लेखक आला तरी आत सोडत नाहीत." तिने मानेनेच कोपरा दाखवला. "ही दोन्ही सोडा. तिकडे सूपवाला आहे. लांब बाकं, समोर चूल, मागितलं की वाटी पुढ्यात. वयात आलेल्या मुलांना घेऊन पांढऱ्या टेबलक्लॉथवर कधी बसू नये. सगळे त्यालाच जपत राहतात, बोलत कुणी नाही."

"तुम्हाला मुलं किती?"

"एकही नाही. नटांना सांभाळते. फार फरक नसतो."

तो हसला. पेशाने डोळ्यांचा डॉक्टर, पण हसताना त्याचेच डोळे मिटायचे. तिला ते उगाचच लक्षात राहिलं... आणि एका झग्याची बाही चिखलात लोळवत ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात तो आभार मानायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात, नाटक फार आवडलं म्हणून. मग त्याच्या शर्टांची बटणं तुटायला लागली, आणि तुटली की ती शिवून घ्यायला साऱ्या गावात त्याला कपडेपटच सापडायचा.

"डॉक्टर," एकदा दोरा दाताने तोडत ती म्हणाली, "हे बटण कात्रीने कापलंय."

"तुमची नजर चांगली आहे."

"तपासून बघा की एकदा."

"रोज तपासावी लागेल," तो म्हणाला, आणि मग दोघंही बराच वेळ त्या बटणाकडे बघत बसले. एवढं कौतुकाने बटणाकडे कुणी बघत नाही.

त्याची बायको मुली लहान असतानाच गेली होती. एका संध्याकाळी तो म्हणाला, "मुलींना सांगायचं म्हणतोय. तू पण ये... जेवायला. मग चौघं मिळून नाटक बघू."

ती टाके घालत राहिली. "येईन. पण एक ऐक. त्यांना मी नको असेन तर मी बाजूला होईन. तू समजूत घालायची नाहीस." हे म्हणताना तिचा टाका वाकडा गेला, कारण तोवर तो तिला फार, फारच हवासा झाला होता.

जागा निवडायचं काम अर्थातच तिच्याकडे आलं. आणि इथे या शहाण्या बाईची अक्कल चरायला गेली. साऱ्या जगाला सूपवाल्याकडे पाठवणारीने स्वतःसाठी निवडलं ते मेणबत्त्यांचं, मऊ खुर्च्यांचं, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथचं रेस्टॉरंट. मुलींना वाटावं, बाई काही अगदीच ही नाही.

तिथे चौघंही वधूपरीक्षेला आल्यासारखे बसले. थोरली भुवयांनीच बोलत होती. धाकटी कानांत काहीतरी खुपसून काट्याचे दात मोजत होती. वेटर फार अदबीने यायचा आणि फार अदबीने रिकाम्या हाताने परत जायचा.

"शाळा कशी चाललीय?" तिने विचारलं, आणि विचारताक्षणीच स्वतःची कीव आली.

"बरी आहे, मॅडम," थोरली म्हणाली.

मॅडम. तेवढ्यात धाकटीचा पेला कलंडला. टोमॅटोचा लाल रस त्या शुभ्र कापडावर पसरला, आणि पोरीचा चेहरा असा झाला की आता रडते की मग. बाबा हातरुमाल शोधू लागले. नाटकाला जेमतेम अर्धा तास उरला होता, जेवणाचा पत्ता नव्हता.

"चुकलंच माझं," ती ताडकन उठली. "मला तुमच्यासमोर भाव खायचा होता. भूक लागलीय ना? चला."

वाटेत सूपवाल्याकडून पाव, उकडलेली अंडी आणि चीज बांधून घेतलं आणि मागच्या दाराने तिने सगळ्यांना कपडेपटात आणलं. टोप, तलवारी, टांगलेले कोट... मुलींचे डोळे मोठे झाले. डाग पडू नयेत म्हणून तिने थोरलीला न्यायाधीशाचा डगला चढवला, धाकटीला सेनापतीचा, आणि डॉक्टरांच्या गळ्याला खानसाम्याचं ॲप्रन. इस्त्रीच्या टेबलावर मांड्या घालून पोरी तुटून पडल्या.

"बाबा," थोरली तोंडात पाव असतानाच म्हणाली, "तुम्ही आज आम्हाला काहीतरी सांगणार होतात."

"हो... म्हणजे... असं आहे की..."

"आम्हाला माहितीय. एकच नाटक आम्हाला चौथ्यांदा दाखवताय. आणि कात्री घेऊन शर्टाची बटणं कापत बसता ते दिसतं घरात."

डॉक्टरांचे कान लाल झाले. तिने सुयांची डबी उगाचच उघडली, मिटली. आता निकाल लागणार होता, आणि तो ऐकायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

बाहेर पहिली घंटा झाली.

"त्या नाटकातला हिरो ना," डगल्यातले न्यायाधीश म्हणाले, "शेवटपर्यंत मनातलं बोलतच नाही. दर वेळी मला राग येतो. निदान तुम्ही तरी बोला. आम्ही काही म्हणत नाही."

तो तिच्याकडे वळला. ॲप्रनवर अंड्याचे कण, हातात अर्धा पाव. "मला तू आवडतेस," तो म्हणाला. "फुटपाथवर उभा होतो तेव्हापासून. आमच्या घरी येशील? कायमची?"

तिचे डोळे भरून आले. "या दोघींना विचार आधी," ती कशीबशी म्हणाली.

दुसरी घंटा झाली. मग तिसरी. दूरवर दारं ओढून घेतल्याचा आवाज आला.

"गेलं," डॉक्टर म्हणाले. "आता मध्यंतरापर्यंत आत सोडणार नाहीत."

धाकटीने कानांत खुपसलेलं काढलं. सेनापतीची लांब बाही वर सारून तिने संध्याकाळभरातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"असू दे. पहिला अंक पाठ आहे." मग तिने आपल्या शेजारी टेबलावर हाताने जागा झाडली आणि सुयांची डबी धरून उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. "तू अजून काही खाल्लंच नाहीस. बस ना इथे."