हिमवाडीचं विरजण

डॉ. वत्सला टिपणीस यांनी कुंडाचं झाकण उघडलं आणि आत वाकून वास घेतला. निरोगी शेवाळाला ओल्या वाळ्याचा वास येतो. आज नुसता पाण्याचा आला.

"फ्रान्सिस, दिवे नीट आहेत ना?"

"दिवे एकदम टकाटक, बाई," वायुअभियंता फ्रान्सिस डिमेलो म्हणाला. तो मूळचा वसईचा, आणि चंद्रावर येऊनही त्याच्या बोलण्यातली घाई गेली नव्हती. "पाणी ठीक, ऊब ठीक. तुमचं शेवाळ उपाशी आहे. ते खातं काय? आपला उच्छ्वास. आपण कर्बवायू सोडायचा, त्याने तो खाऊन प्राणवायू परत द्यायचा. आता वाडीच्या हवेत कर्बवायू उरतोच कुठे? सागरसंघाचं कर्बशोषक यंत्र सगळा आधीच गिळून टाकतं."

"आणि प्राणवायू उदयसंघाचं यंत्र फुकट देतं."

"मग! एकाने त्याचं जेवण पळवलं, दुसऱ्याने काम पळवलं. जगायचं कशावर त्याने?"

वत्सलाबाईंनी झाकण लावलं. हे त्यांना गेल्या वर्षीच कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं, पण त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

हिमवाडी ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची वस्ती. बर्फ खणणारी कंपनी बुडाली तेव्हा मालक पृथ्वीवर निघून गेले आणि मराठी कामगारांची कुटुंबं मागे राहिली. त्यांच्यासाठी वत्सलाबाईंनी तांबूस शेवाळाची जात तयार केली. घरोघरी कुंडं बसली. सकाळ झाली की बायका प्राणवायूच्या टाक्या घेऊन सहकारी संघाच्या दारात रांग लावायच्या, गावाकडे डेअरीवर लावतात तशी. तिथे शुद्धता मोजली जायची, त्यावरून भाव ठरायचा आणि भावावरून भांडणं व्हायची. दिवाळीला बोनस मिळायचा. वाडी गरीब होती, पण स्वतःच्या श्वासावर जगत होती.

नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण वाटीभर शेवाळ नेऊन द्यायची. त्याला सगळे विरजणच म्हणत, कारण त्याचा स्वभावही तसाच होता. ते साठवून ठेवता येत नसे. गोठवलं तर मरायचं, नुसतं ठेवलं तरी मरायचं. वापरत राहिलं तरच टिकायचं.

मग पृथ्वीवरच्या दोन बलाढ्य संघांना ध्रुवावरच्या बर्फाची आठवण झाली. बर्फावरचे हक्क ध्रुवीय परिषदेत मतदानाने ठरणार होते, आणि तिथे हिमवाडीलाही एक मत होतं. उदयसंघाने खडकातून प्राणवायू काढणारं यंत्र भेट दिलं. ते पाहून सागरसंघाला चैन पडेना; त्याने कर्बशोषक पाठवला. दोन्ही यंत्रांची गाळणी मात्र पृथ्वीवरूनच यायची. उद्घाटनाला वत्सलाबाईंनी मोठ्या अभिमानाने दोन्ही दूतांना स्टीलच्या डबीतून विरजण दिलं. उदयसंघाच्या दूताने ते चटणी समजून चाखलं आणि छान आहे म्हणाला. सागरसंघाच्या दूताने डबीचा वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि ती आतल्या खिशात ठेवली.

हवा खरोखरच सुधारली. सहकारी संघाच्या प्राणवायूला भाव मिळेना, तो बंद पडला, आणि खोटं कशाला बोला, कुणालाही वाईट वाटलं नाही. फुकट मिळत असताना रोज कुंड ढवळायला कुणाला आवडतं? वत्सलाबाईंना उदयसंघाने नवी प्रयोगशाळा दिली, सागरसंघाने सूक्ष्मदर्शक दिला आणि दोघांनीही 'मुख्य सल्लागार' असं पद दिलं. त्यांना ते आवडलं होतं. फार आवडलं होतं.

फ्रान्सिस गेला आणि सरपंच भिवाजी खोपकर आत आले. हा माणूस दोन्ही दूतांना एकाच दिवशी वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घालायचा आणि दोघांनाही 'आमचं मत तुमचंच' म्हणायचा.

"वत्सलाताई, टंचाई पाहणी आहे. दोघांच्या समित्या येतायत," ते म्हणाले. "ज्यांच्याकडे स्वतःचं काहीच नाही त्यांना दुप्पट मदत मिळणार. तुमची ही चार कुंडं तेवढी बंद करून टाका."

"सरपंच, आधीच ती अर्धमेली आहेत. दिवे बंद केले तर मरतील. वाडीत चालू असलेली ही शेवटचीच."

"विरजण आहे की घरोघरी! पाहणी झाली की परत लावा. आणि ताई, समितीने हो म्हटलं तर तुमच्या प्रयोगशाळेला दुसरा मजला चढेल, हे मी शब्द घेऊनच सांगतोय."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. वत्सलाबाई दुसऱ्या मजल्याचा विचार करत गप्प बसल्या, आणि सरपंच काय समजायचं ते समजून गेले. दिवे वत्सलाबाईंनी स्वतःच्या हाताने बंद केले. घरचं लेकरू उपाशी ठेवून त्याला भीक मागायला बसवावं तसं त्यांना वाटलं. तरी बटण त्यांनीच दाबलं.

पाहणी उत्तम झाली. कोरडी कुंडं पाहून दोन्ही समित्या हळहळल्या. दुप्पट मदत मंजूर झाली. दुसरा मजलाही चढला.

आणि मग दोन्ही संघांचा समझोता झाला. भांडण्यापेक्षा ध्रुव अर्धा अर्धा वाटून घेणं स्वस्त पडतं, हे त्यांना उमगलं. परिषद बरखास्त झाली आणि हिमवाडीच्या मताला कुणी विचारेना. गाळण्यांचं पुढचं यान रद्द झाल्याचा निरोप आला. त्यात शुभेच्छाही होत्या.

"शिल्लक गाळणी दिवाळीपर्यंत रेटतील," फ्रान्सिसने सांगितलं. "ती संपली की दोन्ही यंत्रं बंद. बाई, कुंडं आत्ताच लावली तर वेळेत हाताशी येतील. तुम्ही विरजण काढा, बाकी मी बघतो."

वत्सलाबाईंनी कपाट उघडलं. पाहणीआधी कुंडांतून भरून ठेवलेल्या बाटल्यांतलं पाणी पांढुरकं झालं होतं. पाहणीनंतर त्यांनी कुंडं पुन्हा लावलीच नव्हती. आज लावू, उद्या लावू, वाडीत कुणाकडे तरी असेलच. त्या वाटी घेऊन बाहेर पडल्या.

पहिल्या घरात म्हणाले, शेजारी बघा. शेजारी म्हणाले, सहकारी संघाच्या जुन्या अध्यक्षीणबाईंकडे नक्की असेल. अध्यक्षीणबाईंनी कुंडात कपडे ठेवले होते. प्रत्येकाने आपलं विरजण टाकून दिलं होतं, कारण प्रत्येकाला खात्री होती की दुसऱ्याकडे आहे. वाडी संपत आली तशी हातातली रिकामी वाटी वत्सलाबाईंना जड होऊ लागली.

शेवटचं घर सगुणाबाई ढेंबऱ्यांचं. या बाईंच्या कुंडाला एके काळी संघात सगळ्यांत जास्त भाव मिळायचा. त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अवो ताई, तुमीच वाटी घिऊन दारात? तुमच्याकडं असंलच म्हनून तर म्या टाकलं."

वत्सलाबाईंना तिथे उभं राहवेना. त्या वाटी पदराखाली झाकून परत आल्या.

श्वास कोंडून मरायची वेळ मात्र वाडीवर आली नाही. सरपंचांनी पृथ्वीवर इतक्या विनवण्या केल्या, की दोन्ही संघांनी मिळून एक शेवटची मदत पाठवायचं ठरवलं. तिचं नाव 'स्वावलंबन संच'. अट एकच: ज्या वस्तीने त्यातलं तंत्र कधीच वापरलेलं नाही, तिलाच तो मिळेल. असलेलं तंत्र हलगर्जीपणाने मारणाऱ्यांना दुसऱ्यांदा काही द्यायचं नाही, असं धोरण होतं. गैर काय होतं त्यात?

"कुणी विचारलं तर तेवढं सांभाळा," सरपंच सगळ्यांना म्हणाले. या वेळी त्यांनी कुणाच्याही डोळ्याला डोळा दिला नाही. "पोराबाळांचा श्वास आहे."

यान आलं. सभागृहात सगळी वाडी जमली. सागरसंघाची एक तरुण प्रशिक्षिका चकचकीत पेटी घेऊन पुढे आली. तिच्या गळ्यातलं भाषांतरक यंत्र तिचं बोलणं पुस्तकी मराठीत सांगत होतं. तिने पेटीचं झाकण उघडलं.

ओल्या वाळ्याचा वास सभागृहात पसरला.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. प्रशिक्षिकेने काचेच्या कुंडात तांबूस शेवाळ ओतलं आणि ते कसं ढवळायचं ते दाखवू लागली. ती फार जोरात ढवळत होती. सगुणाबाईंचा हात आपोआप पुढे आला, आणि लक्षात येताच त्यांनी तो पदरात लपवला.

"आपण येथील शास्त्रज्ञ आहात ना?" यंत्राने वत्सलाबाईंना विचारलं. "असे शेवाळ आपण पूर्वी कधी पाहिले आहे काय?"

सगळी वाडी त्यांच्याकडे पाहत होती. फ्रान्सिस मात्र आपल्या बुटांकडे बघत होता.

"नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. यंत्राला ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. "नाही. पहिल्यांदाच बघतेय."

प्रशिक्षिकेचा चेहरा खुलला. तिने एक छोटी बाटली भरली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, मान लववून. लाजेने त्यांचे कान तापले होते.

"अखेरची एक सूचना," यंत्र बोलू लागलं. "हे शेवाळ साठवून टिकत नाही, वापरूनच टिकते. म्हणून थोडे सदैव शेजाऱ्यास द्यावे. एकाचे नष्ट झाले, तरी दुसऱ्याकडे राहते. ही सुंदर पद्धत आमच्या एका दूताने येथील, चंद्रावरीलच, एका वस्तीकडून शिकून घेतली. त्या वस्तीचे नाव आता कोणाच्या स्मरणात नाही."

सरपंचांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळी वाडी वाजवू लागली. वत्सलाबाईंनीही बाटली काखेत धरून टाळ्या वाजवल्या.