दंडघेर साडेबारा

एसटीच्या सीटचा एक खिळा वर आला होता. उतरताना त्यानं सोपानची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत फाडली, एवढंच काय ते निमित्त. पेठच्या स्टँडवर उतरून फाटकी बाही मुठीत धरून तो उभा राहिला, तर समोरच ‘गेणभाऊ टेलर्स’ची पाटी.

गेणभाऊंना मोतीबिंदूपायी सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. ते कोपऱ्यात स्टुलावर बसून रेडिओ ऐकत आणि काजं-बटणं चाचपत. मशीनवर त्यांची मुलगी होती, इंद्रायणी. वय सत्तावीस. गळ्यात टेप, कानामागं खडू.

“रफू व्हईल का?” सोपाननं विचारलं.

“रफूच्या पलीकडे गेलंय, भाऊ. नवाच शिवा.”

मुलगी पुरुषांची मापं घेते म्हणून गावानं आधी वर्ष-दोन वर्षं तोंडं वाकडी केली होती. आता सगळं पेठ तिला ताई म्हणायचं आणि मुकाट हात वर करायचं. सोपाननंही केले. तिनं दंडाभोवती टेप फिरवला.

“दंडघेर साडेबारा,” वहीत लिहिता लिहिता ती बोलून गेली, “मागून काहीच नाही हो तुमच्या दंडाला. बाही नुसती लोंबेल. मागनं थोडी कापते.”

ती कापडाशी बोलावं तसं बोलली होती. चहा येईपर्यंत विसरूनही गेली. त्याचे कान मात्र लाल झाले होते... पण मार्चचं ऊन, कुणाचेही होतात.

मे महिन्यात तो पुन्हा आला.

“बाही घट्ट झालीय.”

“धुण्यात आटली असेल.”

“टेरिकॉट हाय. आटत न्हाई.”

इंद्रायणीनं चष्म्यावरून पाहिलं. एवढं कापड कळणारं गिऱ्हाईक तिला आवडत नसे. “मग?”

“व्यायाम लावलाय. आपल्याकडं सगळी पोरं दंडाची फुडची बेटकुळी फुगवीत बसत्यात, पर दंडाचं तीनातलं दोन वाटं मांस मागं असतंय. ट्रायसेप म्हनत्यात त्याला. जिमवाले उस्ताद बोलले, चार व्यायाम हायेत. दोरी खाली वढायची, डंबेल डोक्यामागनं वर न्यायचा, बार जवळ धरून छातीवरनं उचलायचा, न्हाईतर बाकाला मागनं हात टेकवून खाली-वर व्हायचं. आता चारातला कंचा धरावा, ह्योच घोळ हाय. म्हनून एकेक करून बघतोय. ज्यानं बाही घट्ट व्हईल, त्यो खरा.”

“हे सगळं मला कशाला सांगताय?”

“तुमी विचारलं म्हनून.”

“मी ‘मग?’ एवढंच विचारलं.”

तो हसला. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस तिला ताई म्हणत नाही. ताई नाही, बाई नाही, काहीच नाही. वाक्य सुरू करण्याआधी एक श्वास घेतो, नि हाक मारायची जागा तेवढी मोकळी ठेवतो...

तिला संशय आला.

संशय तिच्या धंद्यातच होता. पोट आत ओढून कंबरेचं माप देणारे तिनं शेकड्यानं पाहिले होते. शिवाय दोन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा मोडला होता. मुलानं पर्मनंट म्हणून सांगितलेली नोकरी कंत्राटी निघाली. कंत्राटी असल्याचं तिला काही नव्हतं हो, खोटं सांगितल्याचं लागलं होतं. तेव्हापासून ती उलटी बाजू बघितल्याशिवाय कापडसुद्धा घेत नसे.

लगीनसराईच्या घाईत तिनं बाही ब्लेडनं उसवली, अर्धा इंच सैल केली आणि दिली. पंधरा दिवसांनी स्वारी परत हजर.

“पुन्हा घट्ट?”

“लईच. ह्या खेपेला बाकावरचा केला. त्योच खरा दिसतोय.”

“पंधरा दिवसांत?”

“मन लावून करतोय.”

“कुणासाठी?” हे विचारायचं नव्हतं. तोंडातून निसटलं.

त्याचे कान पुन्हा लाल झाले, आणि आता ऊनही नव्हतं. “हाय... एक जण. पंधरा इंच झालं की बोलनार हाय.”

“मग बोला की. मला काय!” शर्ट ओढून घेत ती म्हणाली, आणि मशीनचं चाक उगीचच गरागरा फिरवलं.

तो गेल्यावर तिनं बाही उलटी केली. आणि थांबली. तिच्या टीपेच्या आत आणखी एक टीप होती. हाताची. बारीक, तिरकी, घट्ट.

“आबा, हे बघा.”

गेणभाऊंनी शिवणीवरून अंगठा फिरवला. तुझं लक्ष कुठं होतं असं काही न विचारता म्हणाले, “ही घोंगडीची शिवण. दोन पट्ट्या जोडत्यात ना, तशी. तुझी आजी अशीच घालायची. बाईचा हात हाय, आपल्या मेंढपाळांतलीच कुणीतरी. लई सुरेख घातलीय.”

सुरेख! इंद्रायणीनं शर्ट त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हणजे दंड-बिंड काही वाढत नव्हता. कुणीतरी बाई ह्याच्या बाह्या आवळत होती, नि हा त्या घेऊन इथं येऊन व्यायामाच्या गप्पा मारत होता. कोण ती? ठरलेली? आणि मग इथं येऊन हाक मारायची जागा मोकळी कशाला ठेवायची? दुसऱ्या दिवशी तो शर्ट न्यायला आला, तेव्हा तिनं ती टीप न उसवताच शर्ट त्याच्या हातात दिला.

त्यातच लंकाआत्यानं चाकणचं स्थळ आणलेलं. रविवारी पाहुणे येणार होते. मुलगा बरा होता, फक्त दुकान बंद करावं लागणार होतं आणि आबांनी आत्याकडे राहायचं होतं. आतापर्यंत इंद्रायणी ‘बघू’ म्हणत होती. शुक्रवारी तिनं आत्याला ‘या’ म्हणून कळवून टाकलं.

शनिवारी दुपारी दुकानाच्या पायरीशी एक म्हातारी येऊन टेकली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात पिशवी. पिशवीतून निघाला तोच शर्ट. एक बाही बगलेपासून पार फाटलेली.

“मी सुंदरा. सोपानाची आय. आमी मूळचं आणे गावचं, मेंढरं कमी केली तवापासनं हितंच, वस्तीवर ऱ्हातो. पोरगा कांद्याच्या मोटारी भरायचं काम करतोय.” तिनं दम घेतला. “लेकी, चूक माझी हाय. ह्या खेपेला टीप जरा जादाच घेतली. जिममदी बाकाला हात टेकवला आन् बाही फाटली टर्रदिशी! सारी पोरं हसली.”

इंद्रायणीच्या हातातली कात्री तशीच राहिली. “तुम्ही घातली ही टीप?”

“मग कोन घालनार? त्याला ठावंच न्हाई. रातचा शर्ट खुंटीला आसतो, मी घेती.”

“पण कशाला?”

“आगं, तूच म्हनलीस ना त्याला, मागनं कायच न्हाई म्हनून? महिनाभर घरात बाजंला हात टेकवून खाली-वर, खाली-वर. मेंढरं बुजायची! आन् रोज सकाळी बाहीला चिमटा काढून बघनार, घट्ट झाली का. घट्ट झाल्याबिगर हितं यायला कारन न्हाई ना त्याला. तोंड बघवंना मला. म्हनलं, द्यावं कारन... पैल्यांदा तुझ्याकडनं घरी आला, तवा भाकरीला मीठ न्हाई हे बी कळलं न्हाई त्याला.”

कोपऱ्यात गेणभाऊंनी रेडिओ बारीक केला.

तेवढ्यात सोपानच धापा टाकत आला. हाताला कांद्याची टरफलं, अंगात दुसराच कुठला तरी ढगळ शर्ट. आईला पाहून जागच्या जागी थबकला. “आये, तू हितं?”

“खरं सांगाया आले,” म्हातारी म्हणाली, आणि सांगितलंही. एका दमात.

त्याचा चेहरा असा उतरला, की इंद्रायणीचा सगळा संशय कुठल्या कुठं गेला. एवढं उतरायचं सोंग कुणाला जमत नाही.

“म्हंजी... बाकावरचा बी खरा न्हाई?”

“टेपला विचारू,” ती म्हणाली. “हात वर करा, भा—” पुढचं अक्षर तिनं गिळलं. त्यानं ते ऐकलं... म्हणजे न आलेलं अक्षर ऐकलं, आणि हात वर करायचेच विसरला.

तिनंच दंडाभोवती टेप घेतला. बोटाखाली, मागच्या बाजूला, काहीतरी होतं. थोडंसं, पण होतं.

“पावणेतेरा.”

“पाव इंच?”

“पाव इंच. पण अस्सल आहे, कुणी घातलेला नाही.”

“पंधराला किती लागतील?”

“तीन महिन्यांना पाव इंच. सव्वादोन वर्षं.”

त्यानं नेहमीचा तो श्वास घेतला. “इंद्रायणी,” इतके दिवस मोकळी राहिलेली जागा भरली, “तवर थांबशील?”

“उद्या पाहुणे येतायत मला बघायला.”

“मग आत्ताच बोलतो. लगीन करशील माझ्याशी? दुकान हितंच ऱ्हाईल. आबा बी.”

टेप अजून त्याच्या दंडालाच होता. तो सोडायला हवा हे तिला कळत होतं...

“आणखी काही झाकलेलं आहे का? आत्ताच सांगा.”

त्यानं खूप विचार केला. “उस्ताद म्हनलं व्हतं, दोनच व्यायाम धर, बाकावरचा आन् डोक्यामागचा, आन् सहा महिनं बदलू नगं. मी चारी करून बघितलं.”

“का?”

“दर खेपेला नवीन काय सांगायला पायजे ना तुमाला.”

तिला हसू आवरलं नाही. तोंडावर पदर घेतला तरी खांदे हलत राहिले.

“पोरी,” गेणभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, “लंकाला फोन लाव. म्हनावं, उद्या नगं.”

“लावते, आबा.”

सोपान आईला घेऊन गेला. जाताना पायरीवर दोनदा अडखळला. इंद्रायणीनं एसटीडी बूथवरून आत्याला फोन लावला, दहा मिनिटं बोलणी खाल्ली आणि हसतच परत आली.

मग तिनं वही काढली. ‘साडेबारा’वर काट मारून शेजारी ठळक लिहिलं: पावणेतेरा. तिच्या वहीत खोटं माप कधी गेलं नव्हतं.

नवी बाही कापली, मशीनखाली घेतली. बाहेरून कांद्याचे ट्रक जात होते. तिनं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा आबांकडं. आबांना दिसत नव्हतंच.

आणि बाही शिवली. साडेबाराच्याच मापाला.