एका झडपेची खिडकी

बसा इथं पायरीवर, एक गोष्ट सांगतो. मी निकोलो, गवंडी. चुना कालवणं एवढंच येतं मला, तेव्हा जशी जमेल तशी ऐका.

आमच्या ह्या समुद्रकाठच्या गावात भिंतीवर खोट्या खिडक्या रंगवतात. प्रॉस्पेरो रंगवायचा, मी गिलावा द्यायचो. एकदा खालून एका पोरीचा आवाज आला, "अहो खिडकीतल्या बाई! स्वस्तात खोली मिळेल का?"

परांचीवरून प्रॉस्पेरो म्हणाला, "ती नाही बोलायची. कालच रंगवलीय तिला."

पोरगी लाल झाली. मग एवढी हसली... की ह्याचा ब्रश खाली पडला.

इलारिया तिचं नाव. तिकडं दूर तुरीन शहरात बेकरीत कामाला. तीन दिवसांची सुट्टी, पैसे बेताचे. झोपायची नन्सच्या मठात, खायची नुसता पाव, नावेचं भाडं वाचवून चढायची सगळ्या पायऱ्या. समुद्र कधी बघितलाच नव्हता तिनं!

दुसऱ्या दिवशी परांचीवर चढली. खाली डोंगराला चिकटलेली घरं, लिंबाच्या बागा, आणि पुढं निळंच निळं... मग हळूच म्हणाली, "हे रोज असतं?"

"रोज."

"आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसता?"

"आजपर्यंत बसलो," प्रॉस्पेरो म्हणाला. बघत होता तिच्याकडंच.

तिसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन आली. चारची गाडी. आणि मी नुकताच गिलावा दिलेला. ओला आहे तोवरच तो रंग पितो, वाळला की संपलं. एक झडप झाली होती, दुसरी बाकी. ओली भिंत टाकून प्रॉस्पेरो आयुष्यात कधी उठला नव्हता.

"येते मी," ती म्हणाली.

"हं... ही एवढी झडप..."

ती थोडी थांबली. मग पायऱ्या उतरू लागली.

मी ओरडलो, "अरे गाढवा! चुना मी उद्या परत कालवीन. अशी पोरगी मला कालवता येणार आहे का?"

उतरला की हो! ब्रशसकट धावला. मी मागनं धापा टाकत. स्टेशनात गाडी उभीच होती.

"तू हा समुद्र हिवाळ्यात नाही बघितलास," तो म्हणाला.

"तेवढे पैसे नाहीत माझ्याकडं."

"आईकडं एक खोली आहे. खिडकी... खरी आहे तिला. थांबतेस? माझ्यासाठी?"

तिनं त्याच्या गालावरचा हिरवा रंग बोटानं पुसला. गाडी गेली. ती नाही गेली.

त्या भिंतीची घरमालकीण बेनेदेताबाई कडाडली, "अर्ध्या खिडकीचे पैसे देणार नाही!" दुसऱ्या दिवशी मी छिन्नी घेऊन गिलावा फोडायला गेलो, तर तिनंच हात धरला. "राहू दे रे मेल्या. वर बघून लोक हसतात, बरं वाटतं."

तेव्हा एक करा. वर जाल तेव्हा ती खिडकी बघा, पोटभर बघा. पण दुसरी झडप कुठं गेली, हे प्रॉस्पेरोला विचारू नका. तो सांगत बसतो, आणि इकडं माझा गिलावा वाळतो.