ग्लाऊकोची चूक

"ते पुस्तक नाहीये," मान वर न करताच लुचिल्ला म्हणाली. "दंतकथांचंच हवंय ना? एकच प्रत आहे, आणि तुमच्याआधी बावीस जण रांगेत आहेत."

टेबलापलीकडचा माणूस घुटमळला. सकाळपासूनचा हा नववा. समुद्रकाठच्या शिल्ला गावच्या त्या एवढ्याशा वाचनालयात जूनपासून हाच तमाशा चालला होता. सप्टेंबरात हायस्कूलला जाणाऱ्या मुलांना सुट्टीत वाचायला म्हणून कुण्या नव्या शिक्षकाने जुन्या पुराणकथांचं एक जाडजूड पुस्तक नेमलं होतं. ते छापायचं बंद होऊन वीस वर्षं झाली, हे बघायची तसदी मात्र घेतली नव्हती. मुलं रडत यायची, त्यांच्या आया भांडत यायच्या, आणि लुचिल्लाच्या नाकी नऊ यायचे.

"ज्याने हे पुस्तक नेमलं ना, तो मला एकदा भेटू दे."

"भेटलाय," तो माणूस म्हणाला. "माझी प्रत… बेर्गामोहून येताना आगगाडीत राहिली."

आता तिने वर पाहिलं. उन्हाने सोललेलं नाक, घामाने चिकटलेले केस, आणि ओशाळलेल्या चेहऱ्यावर दाबून धरलेलं हसू. त्या हसण्याचा तिला जास्त राग आला. इथली प्रत मी परत मागवते, उद्यापासून रोज दहाला येऊन मुलांना स्वतः वाचून दाखवा, तुमचं मी का निस्तरू, असं तिने त्याला ठणकावलं.

आणि तो खरंच आला. कोर्रादो त्याचं नाव. बावीस पोरं फरशीवर, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि मध्ये हा. वाचायचाही छान, हा आणखी एक वैताग. फक्त शिल्लाच्या कथेशी त्याचं घोडं अडलं. जिच्या नावाचं हे गाव, ती सहा डोक्यांची राक्षसीण होती, असं त्याने वाचताच पोरांनी हुर्यो केली. बंदराजवळच्या तिच्याच नावाच्या खडकाखाली त्यांचे आजोबा तलवारमासे पकडतात, राक्षसीण कधी कुणी पाहिली!

मग लुचिल्लाच टेबलामागून बोलली. शिल्ला आधी चांगली साधी मुलगी होती. समुद्रदेव झालेला कोळी ग्लाऊको तिच्यावर भाळला, पण तिला न विचारता चिर्चे चेटकिणीकडे वशीकरण मागायला गेला. चेटकीण त्याच्यावरच भाळली आणि तिने शिल्लाच्या आंघोळीच्या पाण्यात विष कालवलं.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," लुचिल्ला म्हणाली. "त्या माठाला दोन वाक्यं सरळ बोलता आली असती, तर पोरीला सहा डोकी फुटली नसती."

कोर्रादो तिच्याकडे बघतच राहिला. "ग्लाऊकोवर फारच राग दिसतो तुमचा."

"सगळ्याच आडवळणी माणसांवर आहे."

"लक्षात ठेवतो…"

डोंबलाचं लक्षात ठेवतो! रोज दुपारी हा तिच्याच पिनामावशीच्या कॉफीच्या दुकानात लिंबाची ग्रानिता, म्हणजे गोड बर्फाचा चुरा, चघळत बसायचा आणि विचारायचा — लुचिल्लाचं कुठे जमलंय का? सान रोक्को या गावच्या संताच्या जत्रेत ती कुणाबरोबर नाचते? मावशी ते संध्याकाळी मीठमसाला लावून भाचीला सांगायची. त्याला ती आवडते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्याने स्वतः सांगितलं नव्हतं ते फक्त तिला. आणि ती? दहा वाजायच्या आत तिची चार वेळा घड्याळाकडे नजर जायची. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून, आणि याचाच तिला संताप यायचा.

शुक्रवारी सकाळी मावशी वाचनालयात आली ती बातमी घेऊनच. कोर्रादो हंगामी शिक्षक. सप्टेंबरपासूनच्या वर्षाला कुठली शाळा हवी, हे त्याने आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. इथलं नाव घालू की बेर्गामोचं, असं तो मावशीला विचारत होता. दूर उत्तरेतलं बेर्गामो घातलं तर महिन्याभरात तो गेलाच.

लुचिल्ला खुर्चीतून उठली. "त्याला सांग मावशी, की इथलंच—"

आणि ती थांबली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती तरी दुसरं काय करत होती?

भर कामाच्या वेळी तिने वाचनालयाला कुलूप घातलं आणि बंदराकडच्या पायऱ्या उतरू लागली. निम्म्या वाटेवर तो समोरून चढत येत होता, हातात फोन.

"शाळेचं कळवलंत?"

"नाही अजून. पिनामावशी तुमच्याकडे आल्यात म्हणे… त्यांनाच विचारायला निघालो होतो."

"का? त्या शिकवणार आहेत शाळेत?"

त्याने फोन खाली केला.

"मला विचारा," लुचिल्ला म्हणाली. तिने नजर हलवली नाही.

खाली कुणीतरी होडी ओढत होतं. कोर्रादो एक पायरी वर चढला. "लुचिल्ला… मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी ओरडलात ना, तेव्हापासून. मी राहू का?"

"राहा. मलाही तुम्ही हवे आहात."

त्याने तिथेच, पायरीवर उभ्याउभ्या, फोनवर शाळेचं नाव घातलं. मग म्हणाला, "मागितली म्हणून मिळेलच असं नाही हं. नाही मिळाली तर?"

"तर पुढचं बघू," ती म्हणाली आणि त्याचा हात धरला. "पण तेव्हाही मलाच विचारा."